पोलिश पी-64 : 8 महिने आणि 650 गोळ्यांनंतर

मंडळात दोघातिघांनी विचारलं होतं की ते जुनं पोलिश पिस्तूल घेतलंस ते कसं आहे, घेऊ का आम्ही पण. तेव्हा सांगितलं होतं की थांबा, जरा वापरून बघतो. आता 8 महिने झाले, 650 च्या आसपास गोळ्या झाल्या, सगळ्या ह्यूस्टनजवळच्या इनडोअर रेंजवर, कारण इथल्या उन्हाळ्यात बाहेर उभं राहून नेम धरणं मला जमत नाही. म्हणून आता लिहितोय.

पी-64 म्हणजे पोलंडच्या सैन्याचं आणि पोलिसांचं छोटं पिस्तूल, राडोमच्या कारखान्यात बनलेलं. माझ्या पिस्तुलावर वर्तुळात 11 असा शिक्का आहे, ती राडोमची खूण, आणि शेजारी 1974. लांबी 16 सेंटीमीटर, वजन 620 ग्रॅम, मॅगझिनमध्ये 6 गोळ्या. दिसायला वॉल्थर पीपीके या जर्मन पिस्तुलाचा धाकटा भाऊ. सैन्यातून बाद झाल्यावर हे ढिगाने अमेरिकेत आले आणि स्वस्तात विकले गेले. मला 2 मॅगझिन, चामड्याचं होल्स्टर आणि साफ करायची सळई असं सगळं मिळून सव्वातीनशे डॉलरला पडलं. 

पोलिशच का, तर त्याला एक घरचं कारण आहे. माझी आज्जी वळिवड्याची, कोल्हापूरजवळची. 1943 मध्ये तिथं पोलंडच्या निर्वासितांची छावणी झाली, जवळपास 5000 माणसं, बहुतेक बायका आणि पोरं. आज्जी तेव्हा 10 वर्षांची होती, त्या पोरांबरोबर खेळलेलं शेवटपर्यंत सांगायची. या पिस्तुलाचा आणि त्या लोकांचा काही संबंध नाही, हे तर नंतरच्या कम्युनिस्ट राजवटीतलं, पण दुकानात काचेखाली पोलंड असं वाचलं आणि माझा हात तिकडेच गेला.

घरी आणल्यावर पहिलं काम साफसफाई. लाकडासारखं दिसणारं पण प्लास्टिकचं ग्रिप काढलं तर आत मधासारखं घट्ट, तपकिरी ग्रीस साचलेलं, त्याला जुन्या गॅरेजसारखा वास. हे ग्रीस गंज लागू नये म्हणून भरून ठेवतात. सगळ्यांना कळकळीने सांगतो, असं सरप्लस, म्हणजे सैन्यातून बाद झालेलं, हत्यार साफ न करता रेंजवर नेऊ नका, विशेषतः फायरिंग पिनची, म्हणजे गोळीच्या बुडावर आपटणाऱ्या सुईची, जागा, कारण तिथं ग्रीस घट्ट झालं आणि पिन पुढेच अडकून बसली तर स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, बंद होताना गोळी आपोआप सुटू शकते. मी ते गनस्मिथकडून खोलून घेतलं. बाकी रोजचं खोलणं सोपं, ट्रिगर गार्ड, म्हणजे चापाभोवतीची कडी, खाली ओढायचा, स्लाइड मागे नेऊन वर उचलायची, झालं.

आता मुख्य गोष्ट, चाप. पहिली गोळी डबल ॲक्शनमध्ये, म्हणजे मागचा हॅमर (घोडा) हाताने न ओढता नुसत्या चापाने, मारायची तर चाप इतका जड की मला वाटलं सेफ्टी लागलेली आहे, दोनदा तपासलं, सेफ्टी उघडीच होती. रेंजवरच्या माणसाने चापाचा जोर मोजायचा गेज लावला, त्याची मर्यादा 12 पौंड, ती संपली तरी चाप जागचा हलेना. लोक 25 पौंडाच्या पुढचे आकडे सांगतात म्हणजे साडेअकरा किलो. पाण्याने भरलेली कळशी एका बोटाने उचलून बघा, मग कळेल. आणि बोट एवढा जोर लावत असताना पिस्तूल 620 ग्रॅमचं, त्यामुळे नळी खाली डावीकडे जाते आणि पहिली गोळी 7 यार्डावर सुद्धा टार्गेटच्या कोपऱ्यात. हॅमर अंगठ्याने मागे ओढून सिंगल ॲक्शनमध्ये मारलं की मात्र चाप हलका आणि स्वच्छ, 7 यार्डावर सहाच्या सहा तळहाताखाली झाकल्या जातील इतक्या जवळ. नळी फ्रेमलाच घट्ट बसवलेली आहे, हलत नाही, म्हणून नेम चांगला लागतो.

पण त्याच बांधणीचा दुसरा परिणाम हाताला भोगावा लागतो. यात स्लाइडला कुलूप घालणारी यंत्रणाच नाही, फक्त स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग यांच्यावर सगळा धक्का, त्यात पिस्तूल हलकं. गोळी 9 बाय 18 मकारोव्ह, नेहमीच्या 9 एमएमपेक्षा कमी ताकदीची, पण हाताला बसणारा फटका त्याच्याहून खडूस. पहिल्या दिवशी 100 गोळ्या मारल्या, घरी आलो तर अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधली कातडी लाल झालेली, दुसऱ्या दिवशी गाडीचं स्टिअरिंग धरताना ठणकत होती. आता पातळ ग्लोव्ह घालतो आणि एका वेळी 50 च्या वर जात नाही.

तिसऱ्या महिन्यात हॅमरची स्प्रिंग बदलली, कमी जोराची, थोड्याशाच डॉलरला मिळते. आधी सगळ्यात हलकी टाकली, फरक जाणवला, पण 100 मध्ये 2 गोळ्या उडाल्याच नाहीत, प्रायमरवर, म्हणजे गोळीच्या बुडातल्या पेटणाऱ्या टोपीवर, नुसता पुसट खड्डा. अशा वेळी नळी समोरच धरून अर्धा मिनिट थांबायचं, लगेच उघडायचं नाही. मग एक पायरी जड स्प्रिंग टाकली, त्यानंतर साडेतीनशे गोळ्यांत एकही फुसकी नाही. गेजची मर्यादा अजूनही ओलांडतो चाप, पण आता डबल ॲक्शनची पहिली गोळी काळ्या वर्तुळात राहते. यासाठी घरी रोज 15 मिनिटं रिकाम्या पिस्तुलावर, स्नॅप कॅप, म्हणजे सरावाच्या खोट्या गोळ्या, घालून कोरडा सराव केला, पिस्तूल रिकामं आहे हे तीनदा बघून आणि गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून. पूर्वी मी चाप ओढायचो म्हणजे झटकाच द्यायचो, या पिस्तुलाने ती खोड मोडली, दुसऱ्या पिस्तुलावरही माझा नेम सुधारलाय.

तक्रारी आहेतच. दुसऱ्या मॅगझिनचं तोंड वाकडं निघालं, तिसरी गोळी हमखास अडकायची, दुकानदार म्हणाला सरप्लसला परत घेणं नाही. त्यामुळे दुकानातच दोन्ही मॅगझिन नीट बघून घ्या. समोरचा साइट, म्हणजे नेम धरायची खूण, इतका बारीक की रेंजच्या उजेडात हरवतो, मी त्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिलाय. गोळ्यांचं म्हणाल तर 2021 मध्ये रशियन गोळ्यांच्या आयातीला नवे परवाने देणं बंद झालं आणि तो स्वस्त माल आटला, आता मी चेक सेलिये अँड बेलो किंवा सर्बियाच्या पीपीयू या कंपन्यांच्या पितळी कवचाच्या घेतो, 50 ची पेटी 25 डॉलरच्या आसपास. जुन्या स्टीलच्या कवचाच्या घेऊन गेलात तर बऱ्याच इनडोअर रेंजवर चुंबक लावून बघतात आणि परत पाठवतात. आणि नेहमीच्या 9 एमएमच्या गोळ्या यात चालत नाहीत, पेटीवर 9 बाय 18 लिहिलेलं बघूनच घ्या.

घेणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं, ग्रीन कार्ड असेल तर फॉर्म भरून, चौकशी होऊन मिळतं. एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, असाल तर काही ठरावीक अपवाद सोडले तर कायद्याने नुसतं जवळ बाळगणंसुद्धा चालत नाही, म्हणून आधी वकिलाला विचारा, मित्र म्हणतो म्हणून जाऊ नका. आमच्याकडे पोरगी 9 वर्षांची, त्यामुळे पिस्तूल भिंतीला बोल्ट केलेल्या पेटीत असतं, किल्ली फक्त आम्हा दोघांकडे.

पहिलंच पिस्तूल म्हणून मात्र मी हे कुणाला घ्यायला सांगणार नाही, वहिनींसाठी घेऊ का असं विचारणाऱ्यालाही नाहीच म्हटलं, कारण तो चाप नवशिक्या माणसाला नेमाऐवजी भीतीच शिकवेल. एखादं साधं पॉइंट टू टू, म्हणजे छोट्या, कमी धक्क्याच्या गोळीचं, पिस्तूल घ्या, वर्षभर मारा. ज्याला ते करून झालंय आणि हाताने दुरुस्ती करायची आवड आहे त्याने पुढच्या शनिवारी माझ्याबरोबर रेंजवर यावं, 2 मॅगझिन भरून देतो, एक जुन्या स्प्रिंगवर आणि एक नव्या, स्वतःच्या बोटाने बघा.