21 बैठकांत केस उपटणं बंद: या पॅकेजची उकल

केस उपटायची सवय संमोहनाने घालवून देतो म्हणणाऱ्यांच्या पॅकेजची सुरुवात फुकट डेमोने होते. आई मुलीला घेऊन आलेली असते. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफायला सांगतात. फक्त तर्जन्या सरळ उभ्या ठेवायच्या, मध्ये इंचभर अंतर. "टोकांना लोहचुंबक लावलाय अशी कल्पना करा." अर्ध्या मिनिटात बोटं हळूहळू जवळ येतात. मुलगी चकित, आई तिच्याहून चकित. खरं तर गुंफलेल्या हातात तर्जन्या लांब धरून ठेवायलाच जोर लागतो. तो सैल पडला की बोटं मिटतात, लोहचुंबकाची कल्पना करा नाहीतर भाजीची यादी करा. दुसरा खेळ पापण्यांचा. डोळे मिटायला लावायचे, बुबुळं वर कपाळाकडे न्यायला सांगायची आणि म्हणायचं, "आता उघडून दाखवा." बुबुळं वर असताना पापणी उचलणं कुणालाही जड जातं. खरे संमोहनतज्ज्ञही असे प्रयोग सरावापुरते करून घेतात, त्यात वावगं काही नाही. इथे मात्र त्यावरून निदान निघतं: "हिचं मन फार ग्रहणशील आहे, 21 बैठकांत सवय मुळासकट जाईल." खुर्चीतून उठायच्या आत मोबाइलवर पैसे भरायची लिंक आलेली असते.

समजा बैठकीचे 2,500 रुपये सांगितले. 21 बैठकांचे झाले 52,500, पण "आजच भरलेत तर 45,000". पैसे सगळे आधी आणि पावतीवर बारीक अक्षरात 'परतावा नाही'. सवयीच्या विकाराला इतक्या बैठका लागतील हे पहिल्याच भेटीत कुणालाही सांगता येत नाही.

केस उपटण्याच्या या विकाराला ट्रायकोटिलोमेनिया हे नाव फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ हालोपो यांनी 1889 मध्ये दिलं. डीएसएम-5 या मनोविकारांच्या 2013 च्या अमेरिकी वर्गीकरणात तो ओसीडी (तेच विचार, त्याच कृती पुन्हा पुन्हा कराव्याशा वाटण्याचा विकार) आणि तत्सम विकारांच्या गटात आहे. बहुतेकांना 10 ते 13 वर्षांच्या सुमारास लागतो. तो दिसतो कसा? डावा हात पुस्तकावर, उजवा टाळूवर. अंगठा आणि तर्जनी केसांत फिरत राहतात, गुळगुळीत केस सोडून देतात, एखादा जाड, खरबरीत, वाकडा केस लागला की थबकतात. उपटल्यावर मुळाचा पांढरा कोंब निरखायचा, ओठांवरून फिरवायचा, कधी दाताखाली धरायचा. यातला कितीतरी भाग भान नसताना घडतो. पुस्तकाच्या घडीत केस जमलेले दिसतात तेव्हा कळतं. "मनावर ताबा ठेव" असं बजावून उपयोग का होत नाही, याचं उत्तर इथेच आहे.

आता पॅकेजवाल्यांचा अर्ज बघा. जन्म कसा झाला, आई-वडिलांची भांडणं, लहानपणीचे आघात, काही ठिकाणी पूर्वजन्मसुद्धा. कोणता हात, किती वाजता, कोणत्या खोलीत, आरशासमोर की अंथरुणात, चिमट्याने की बोटांनी, यातलं काहीच नाही. आणि ज्या प्रश्नावाचून पुढे जाताच कामा नये तोही नाही: उपटलेला केस गिळला जातो का? गिळलेला केस पचत नाही. जठरात त्याचा गोळा होतो, त्याचं शेपूट कधी आतड्यात उतरतं, आणि मग ऑपरेशनच करावं लागतं. पोटात गाठ लागणं, उलट्या, चार घास खाल्ले की पोट भरणं, वजन घटणं, यातलं काही दिसलं तर आधी डॉक्टर आणि सोनोग्राफी. संमोहनाचं नंतर बघता येईल.

डोक्यावरचे ठिपके म्हणजे चाई तर नाही ना, हेही त्वचारोगतज्ज्ञाकडून आधी ठरवून घ्यायला हवं. चाईचा ठिपका सहसा गुळगुळीत असतो. उपटलेल्या जागी कमी-जास्त लांबीचे तुटके खुंट हाताला लागतात.

मग पहिल्या महिन्यात फरक पडतो तो कशाने? फरक पडतो हे खरंच आहे, आणि धंदा त्याच्यावरच चालतो. कुणीतरी रोज विचारतंय, आपण किती उपटले ते लिहून ठेवतोय, एवढ्यानेही उपटणं काही काळ कमी होतं. शिवाय हा विकार मुळातच चढ-उताराचा. परीक्षेत वाढतो, सुटीत ओसरतो. टाळूवर केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतात, म्हणजे सुटीचे दोन महिने बरे गेले तर दीड-दोन सेंटिमीटरची लव फोटोत येते. 'आधी' आणि 'नंतर'च्या फोटोंत भांग कुठे पाडलाय, उजेड वरून आहे की समोरून, हे बघा. टक्कल झाकायची केराटिनची पूड बाजारात सहज मिळते, ती कॅमेऱ्यात ओळखूही येत नाही.

जून उजाडला, शाळा सुरू झाली, हात पुन्हा डोक्याकडे गेला. इथून भाषा बदलते. "ती आतून विरोध करतेय." "घरचं वातावरण नकारात्मक आहे." "मूळ अजून खोल आहे, रिग्रेशन करावं लागेल", म्हणजे संमोहनात मागच्या आठवणींत नेणं, आणि त्याचे पैसे वेगळे. आमच्या मते सगळ्यात घातक टप्पा हाच. संमोहनात आठवलेली गोष्ट खरीच असते असं नाही. तिथे कल्पनेलाही आठवणीचा रंग चढतो, आणि माणूस ती जास्त ठामपणे सांगू लागतो. सुचवत-सुचवत विचारलेल्या प्रश्नांतून काका, मामा, वडील यांच्यावर आळ येतो आणि घर दुभंगतं. खरंच अत्याचार झाला असेल तर तो प्रशिक्षित माणसाने, जागेपणी, नीट ऐकायचा विषय आहे. केस उपटण्यामागे दडलेला आघात असलाच पाहिजे असा नियम नाही.

भिंतीवर 'केंद्र सरकारमान्य' अशी पाटी असते. तिच्यामागे आहे नोव्हेंबर 2003 चा आरोग्य मंत्रालयाचा आदेश. त्यात संमोहन ही उपचाराची एक रीत मानून नोंदणीकृत व्यावसायिकांनी किंवा योग्य प्रशिक्षितांनी ती वापरायला हरकत नाही असं म्हटलंय. तिला स्वतंत्र वैद्यकशाखा मानलेलं नाही आणि त्यावरून नावामागे 'डॉ.' लावायची मुभाही मिळत नाही. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र छान फ्रेममध्ये बसतं, इतकंच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर ताडून बघा. मनोविकारतज्ज्ञ असेल तर वैद्यकीय परिषदेचा क्रमांक. क्रमांक विचारल्यावर जो रागावतो त्याच्याकडे दुसऱ्यांदा जायचं कारण नाही.

संमोहन निरुपयोगी आहे असं आम्ही म्हणत नाही. या विकारातला त्याचा पुरावा मुख्यतः एकेका रुग्णाच्या नोंदींचा आणि छोट्या गटांचा आहे, म्हणून ते जोडीला वापरायचं. मुख्य उपचार म्हणजे सवय-पालट, मानसशास्त्रज्ञ अझ्रिन आणि नन यांनी 1973 मध्ये मांडलेला. त्यात पहिला आठवडा नुसती वही: वेळ, जागा, हात, आधी काय वाटलं, किती केस, नंतर काय केलं. मग हात वर निघाला की तिथेच ओळखायचा सराव. कोपर टेकणं, मान कलणं, बोट भुवईपाशी येणं या खुणा हेरायच्या. खूण दिसली की पर्यायी हालचाल: मूठ वळून हात शरीराशी धरायचा, किमान मिनिटभर. सोबत घरात छोटे बदल: अभ्यासाला बसताना तर्जनीला चिकटपट्टी, आरशावरचा प्रखर दिवा काढणं, चिमटा कपाटात बंद. आईचं काम ओरडणं नव्हे, ठरलेला एकच शब्द हळूच म्हणणं.

संमोहन यात बसतं ते असं: दहा मिनिटं शिथिलीकरण, मग "हात कानाच्या वर गेला की जड होईल, तुला लगेच कळेल, तू तो खाली ठेवशील" अशी नेमकी सूचना. ध्वनिमुद्रण घरी न्यायचं, रोज ऐकायचं, पुढे स्वतःच करायचं. "तू यापुढे कधीच केस उपटणार नाहीस" ही सूचना कामचुकार माणसाची. पहिल्या चुकीला ती मोडते आणि सोबत मुलीचा धीरही.

पॅकेजबरोबर येणाऱ्या 'मज्जातंतू' कॅप्सूल घेऊ नका. एन-ॲसिटिलसिस्टीन या औषधाचं नाव त्यात घेतलं जातं. 2009 च्या एका चाचणीत 50 प्रौढांना त्याचा फायदा दिसला होता, पण पुढे मुलांवरच्या चाचणीत तो दिसला नाही. मोठ्यांनीही ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. बोलायला कुणी नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.

पैसे गेलेच असतील तर आधी पुरावा गोळा करा: जाहिरातीचे स्क्रीनशॉट (ती काढून टाकली जाते), 'हमखास' लिहिलेले व्हॉट्सॲप संदेश, पावती, झालेल्या बैठकांच्या तारखा. मग लेखी परतावा मागा. सेवा सदोष असताना पावतीतल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर 30 दिवसांत, पैसे परत न करणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार, आणि तिथेही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. आणि माणूस ऑनलाइन पैसे घेऊन गायबच झाला असेल तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर, त्याच दिवशी फोन करा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता येतात.