ईस्टरची सुट्टी: सीडनचं ऊन की डोंगरातलं हित्ते?

नॉर्वेत नव्यानं आलेल्या घरात हा प्रश्न साधारण फेब्रुवारीत शिरतो, आणि तोही मुलांच्या तोंडून. शाळेत सगळे एकमेकांना विचारत असतात, पोस्केला, म्हणजे ईस्टरला, कुठे? उत्तरं दोनच. एक म्हणजे 'सीडन', अर्थात दक्षिण. नकाशावर ती कुठेही असू शकते, पण बरेचदा कॅनरी बेटंच निघतात. दुसरं 'हित्ते', म्हणजे डोंगरातलं लाकडी घर. 'आम्ही घरीच' हे तिसरं उत्तर आम्ही पहिल्या वर्षी देऊन पाहिलं. गुरुवार, शुक्रवार, रविवार, सोमवार दुकानं बंद आणि शनिवारी थोडाच वेळ उघडी, हे ऑफिसात सांगितलं होतं कुणीतरी. पण 'बंद' म्हणजे अर्धं शटर खाली ओढून आतून दूध देणारा दुकानदार, अशी माझी आपली समजूत. शुक्रवारी दुपारी ओस्लोच्या रस्त्यावर रिकामी पिशवी घेतलेला मी आणि रिकामी ट्राम, एवढेच होतो. त्या दिवशी चहा कोरा प्यालो.

पुढे सीडन एकदा झालं आणि हित्ते चारदा. म्हणजे माझा तराजू कुठे झुकतो हे आकड्यांवरूनच कळतंय, लपवत नाही. तरी सीडनची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे.

मार्चअखेरीला ओस्लोच्या फूटपाथवर बर्फ राहिलेला नसतो, असतो तो काळपट चिखल आणि घसरू नये म्हणून हिवाळाभर टाकलेली खडी. त्यातून उठून साडेपाच तासांत ग्रान कनारियाला उतरलं की धाकटा विमानतळाच्या दारातच बूट काढायला लागला. पाच महिन्यांनी त्याचे तळपाय उन्हात आले होते. असं काही पाहिलं की तिकिटाचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. मास्पालोमासच्या वाळूच्या टेकड्यांवर मुलं दोन दिवस फक्त घसरत होती. जेवणाची मला धास्ती होती, पण तिथे सालासकट मिठाच्या पाण्यात सुरकुत्या पडेपर्यंत उकडलेले छोटे बटाटे मिळतात आणि सोबत लाल किंवा हिरवा 'मोहो'. लसूण, मिरची, तेल. आमच्या घरात त्याला सरळ चटणीच म्हणतात. शाकाहारी माणसाचं तिथे एवढ्यावर निभतं.

एक मात्र गंमत. आर्गिनेगिन नावाच्या गावात गेलो तर चहूकडे नॉर्वेजियन. नॉर्वेजियन शाळा, नॉर्वेजियन चर्च आणि तिथे वाफलर, म्हणजे त्यांची वॉफल. आपण परदेशातून दुसऱ्या परदेशात जाऊन पुन्हा पहिल्याच परदेशात पोहोचलो, असं बायको म्हणाली.

एवढं सगळं छान असताना घोडं अडलं ते टॉवेलपाशी.

हॉटेलच्या तलावाकाठी आरामखुर्च्या होत्या, भरपूर होत्या. पहिल्या दिवशी साडेआठला खाली गेलो तर प्रत्येक खुर्चीवर टॉवेल आणि माणूस एकाही खुर्चीवर नाही. लोक नाश्त्याला गेले असतील म्हणून थांबलो. अकरा वाजले तरी अर्धे टॉवेल एकटेच ऊन खात होते. दुसऱ्या दिवशी पावणेसातला बायकोनं मला उठवलं, हातात चार टॉवेल दिले. तलावाचं फाटक उघडायचं होतं, आणि बाहेर माझ्यासारखेच पाच-सहा देशांचे बाप काखेत टॉवेल घेऊन, एकमेकांची नजर चुकवत उभे. फाटक उघडलं आणि सगळे 'धावत नाही, जरा भरभर चालतोय' अशा चालीनं निघाले.

माझं बालपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात गेलं आहे. या विद्येत मी कुणाला हार जाणार नव्हतो, गेलोही नाही. सावलीतल्या चार सलग खुर्च्या मिळवल्या आणि वर येऊन झोपायचा प्रयत्न केला. झोप कुठली लागतेय? आपला टॉवेल कुणी हलवला तर? चौथ्या दिवशी खरंच हलवला. मग त्या गृहस्थांशी मोडक्या इंग्रजीत वाद, त्यावरून बायकोशी शुद्ध मराठीत वाद. मुलं म्हणाली, बाबा, आपण पाण्यातच आहोत, आपल्याला खुर्ची नकोच आहे. बरोबर होतं. पण एकदा जागा धरायची सवय अंगात शिरली की माणूस जागाच राखत बसतो. सुट्टीच्या सात दिवसांतले चार मी ऑफिसच्या दिवसापेक्षा लवकर उठलो. कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीवरून अख्खं बेट बाद केलंत? केलं खरं. तुमच्या हॉटेलात हा प्रकार नसेलही.

आता हित्ते. गाडी नसेल, किंवा परवान्याचं घोंगडं भिजत पडलं असेल, तर पहिल्यांदा फिन्सेला जा असं मी सांगेन. ओस्लो ते बर्गन हा रेल्वेमार्ग १९०९ साली सुरू झाला आणि त्यावरचं सर्वात उंच स्टेशन फिन्से, १२२२ मीटर. तिथे मोटारीचा रस्ताच नाही, त्यामुळे गाडी असलेला आणि नसलेला एकाच पायरीवर. ओस्लोहून चार-साडेचार तास. उतरलं की बर्फ, हिमनदी आणि आकाश. दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर निघण्याआधी ध्रुवप्रवासी शॅकल्टननं आपल्या मोटार-घसरगाड्या १९१४ मध्ये इथेच आणून तपासल्या होत्या. एप्रिलच्या वाऱ्यात डबा उघडायचा प्रयत्न केलात की त्यानं हीच जागा का निवडली ते लगेच पटतं.

गाडीत वाचायला गुन्हेकथा घ्या. ईस्टरला खून-दरोड्याच्या गोष्टी वाचायच्या ही इथली रीत, 'पोस्केक्रिम' म्हणतात. तिची सुरुवात याच मार्गावर झाली म्हणायला हरकत नाही: १९२३ मध्ये बर्गनची गाडी रात्री लुटली गेल्याचा मथळा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आला, लोक घाबरले, आणि ती निघाली एका कादंबरीची जाहिरात. आता तर दुधाच्या खोक्यावरसुद्धा रहस्यकथा छापून येते. आमची मोठी नाश्त्याला खोका फिरवत खुनी शोधते. दूध संपेपर्यंत सापडला नाही तर आणखी एक ग्लास.

दुसरी रीत पाठीवरच्या पिशवीची. संत्री, थर्मास आणि क्विक लुन्श, म्हणजे १९३७ पासूनचं ते लाल-पिवळ्या-हिरव्या कागदातलं चॉकलेट. त्याच्या वेष्टणाच्या आतल्या बाजूला डोंगरात वागायचे नियम छापलेले असतात. १९६७ च्या ईस्टरला डोंगरात १८ माणसं दगावली, त्यानंतर या नियमांचा प्रचार जोरात झाला. नऊ नियम आहेत. आठवा असा की वेळेवर मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हा नियम पचत नाही. माथ्यावरच्या देवळात घंटा वाजवल्याशिवाय खाली उतरलो, हे कुणाला सांगायचं कसं? पण दुसऱ्याच दिवशी वारा उठला, वाट दाखवणाऱ्या खांबांतला समोरच्यापलीकडचा खांब दिसेना, आणि आम्ही तासाभरात परतलो. जेवणाच्या टेबलावर कुणीही विचारलं नाही की कुठपर्यंत गेला होतात. सगळ्यांनी फक्त मान डोलावली.

त्रास? आहेत की. पर्यटक संघाच्या साध्या हित्तेत संडास बाहेर असतो. रात्री दोन वाजता उणे आठमध्ये बूट शोधताना कॅनरी बेटं फार आठवतात. पाणी ओढ्यावरून आणायचं, नाहीतर बर्फ वितळवायचा. एक पातेलं भरून बर्फाचं पाणी किती कमी होतं ते पाहून पहिल्या दिवशी हसू येतं, तिसऱ्या दिवशी येत नाही. खासगी हित्ते भाड्यानं घेतलंत तर शेवटच्या सकाळी फरशी पुसून, चूल साफ करून, कचरा गोळा करून निघायचं. सुट्टी अशी दिवाळीच्या साफसफाईनं संपवायची कल्पना बायकोला अजून रुचलेली नाही. स्कीला मेण लावायचं शास्त्र तर शून्य अंशाच्या आसपास भल्याभल्यांना दगा देतं. खालून केसाळ पट्टी लावलेल्या स्की मिळतात, त्या घ्या, वापरलेल्या घेतल्या तरी चालतात. तरीही मुलं पुढे जाणार आणि आईबाप मागे बर्फात बसलेले असणार, त्यावर उपाय नाही.

तारीख मात्र पाहून ठरवा. ईस्टरचा रविवार पौर्णिमेनंतरचा असतो, म्हणून तो एखाद्या वर्षी होळीच्या मागोमाग येतो, तर बरेचदा हनुमान जयंतीच्या. होळीनंतरचा असेल तर थंडी जास्त, पण बर्फ छान. हनुमान जयंतीनंतरचा असेल तर कमी उंचीवरची हित्ते टाळा, बर्फाचा लगदा झालेला असतो. घरातलं पंचांग इथे हवामान खात्याइतकं कामाला येतं.

खर्चाचं सांगायचं तर आम्हाला दोन्ही साधारण सारखंच पडलं. शाळेच्या सुट्टीत विमानं महाग, आणि डोंगरात पहिल्या वर्षी लोकरीच्या आतल्या कपड्यांपासून सगळं घ्यावं लागतं. दुसऱ्या वर्षापासून हित्ते स्वस्त होत जातं, मुलांचे पाय वाढतील तेवढा खर्च सोडून.

आता जागेचं. तिसऱ्या वर्षी आम्ही स्कीवर तीन तास आत असलेल्या, माणूस नेमलेला नसलेल्या हित्तेत राहिलो. अशा ठिकाणी संघाच्या सभासदाला मिळणारी किल्ली चालते. आत कोठीत डबाबंद जेवण आणि कडक पातळ भाकरीसारखा पाव ठेवलेला असतो. घ्यायचं, लिहून ठेवायचं, पैसे भरायचे. पाहायला कुणी नसतं. आम्ही खिचडी लावली होती. साडेआठला दार उघडलं आणि भुवयांवर बर्फ साचलेली पाच माणसं आत आली. खाटा भरलेल्या होत्या. माझ्यातला रुमालवाला जागा झाला, मी नकळत आमच्या पिशव्यांकडे पाहिलं. पण कुणी काही बोललं नाही. बाकावरचे लोक एकमेकांकडे सरकले, एकानं ओले हातमोजे चुलीवरच्या दोरीवर टांगून दिले, दुसऱ्यानं कोपऱ्यातल्या गाद्या काढून जमिनीवर अंथरल्या. आलेल्याला बाहेर ठेवायचं नाही, हा इथला रिवाज. सकाळी भिंतीला पाठ लावून उन्हात बसायची एकच फळी होती, तिच्यावर नऊ माणसं बसली. संत्री सोलली, साली बर्फावर पडू नयेत म्हणून पिशवीत टाकल्या. तोंडं मात्र आमची ग्रान कनारियापेक्षा जास्त भाजली. बर्फावरचं ऊन खालूनही लागतं, हनुवटीखाली क्रीम लावायला विसरू नका.

तेव्हा दोन वर्षांखालचं मूल असेल, गुडघे कुरकुरत असतील किंवा हिवाळ्यानं मन फारच काळवंडलं असेल, तर सीडनला जा, निःसंकोच जा. शाळकरी मुलं असतील तर एकदा तरी आधी डोंगर करून पाहा असं मला वाटतं. आवडला नाही तर बेटं कुठे पळून जात नाहीत.

आमचं म्हणाल तर पुढच्या ईस्टरला सासू-सासरे येताहेत. त्यांना उणे आठमध्ये बाहेरच्या संडासात पाठवण्याची माझी हिंमत नाही, आणि त्यांचा व्हिसा शेंगेनचाच असल्यानं स्पेनसाठी वेगळा लागत नाही. बायकोनं तिकिटं पाहून ठेवली आहेत. पहाटे टॉवेल घेऊन कोण जाणार हा विषय अजून निघालेला नाही, पण गजर कुणाच्या फोनवर लागणार ते मला माहीत आहे.