साठ वॅटचा वुड बर्निंग पेन: पेन घ्या, सोबतची फळी विसरा

वुड बर्निंग म्हणजे तापलेल्या टोकाने लाकडावर जाळून चित्र काढणं. ऑनलाइन हजार-दीड हजाराच्या आसपास मिळणारा त्याचा संच म्हणजे मूळचा सोल्डरिंग आयर्नच, तारा झाळायचं अवजार. साठ वॅट, मुठीवर 200 ते 450 अंशांची फिरती चकती, पितळी टिपांचा ढीग, प्लास्टिकचे स्टेन्सिल, पत्र्याचं हलकं स्टँड आणि कागदासारख्या पातळ दोन-चार फळ्या. नवशिक्याला हा पेन पुरतो. तारेच्या टोकाचा, वेगळ्या रेग्युलेटरचा पेन लवकर तापतो, लवकर निवतो, पण किंमत कितीतरी पट. हात बसेपर्यंत त्याची गरज नाही.

डबा उघडल्यावर आधी पिन आणि पेनवरची पट्टी बघा. काही संचांना चपटी दोन पातींची पिन येते आणि त्यातले काही 110 व्होल्टचे असतात. तो पेन आपल्या 230 व्होल्टवर लावला की चौपटीहून जास्त वीज ओढतो आणि हीटर जळतो. पट्टीवर 220-240 असेल तर नाशिकच्या एमजी रोडवर कन्व्हर्टर पिन घ्या, काम भागतं. चकती नसलेला स्वस्त पेन मात्र घेऊ नका. व्होल्टेज 200 वर उतरलं की साठ वॅटचा पेन पंचेचाळीस वॅटचा होतो, आणि अर्धं झालेलं चित्र पुढे फिकटच येतं.

टिपांच्या संख्येला भुलू नका. रेघेसाठी चाकूसारख्या धारेची, छटेसाठी पसरट पानाच्या आकाराची आणि ठिपके-अक्षरांसाठी गोल टोकाची, अशा तीन टिपांवर पहिलं वर्ष निघतं. फुलं-चांदण्यांचे शिक्के दिसायला छान, पण सगळा ठसा एकसारखा उठत नाही. टिप बदलायची ती पेन पूर्ण गार झाल्यावरच. तापलेलं पितळ मऊ असतं. पकडीने पिळलं की आटे जातात किंवा टिप आतच तुटून बसते, आणि मग पेन भंगारात. बोटाने घट्ट, वर पकडीचा हलका पीळ, बस. घाईत पाण्यात बुडवाल तर आतलं सिरॅमिक तडकेल.

चकतीवरचा आकडा अंदाजाचा समजा. टिप हीटरपासून लांब असते आणि लाकडाला टेकताच उष्णता सोडते. म्हणून त्याच लाकडाच्या तुकड्यावर 250 पासून 450 पर्यंत, पन्नास-पन्नासच्या टप्प्याने, पाच सेंटीमीटरच्या रेघा ओढा. प्रत्येक रेघ पाच अंक मोजत, आणि चकती फिरवल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून. रेघ कॉफीच्या रंगाची आली आणि कडा काळवंडल्या नाहीत, तो आकडा तुमचा. धुराचा लोट उठला तर उष्णता जास्त आहे. रेघेच्या सुरुवातीला काळा थेंब पडतो, ही सगळ्यांची तक्रार. पेन टेकवून मग हलवलं की तो पडणारच. हात हलता ठेवूनच टेकवा आणि हलता असतानाच उचला. टिपवर काजळी साचली की उष्णता पोचत नाही आणि रेघ खरवडल्यासारखी दिसते. पितळी तारेच्या ब्रशने पुसत राहा.

पैसे खर्चायचे ते लाकडावर. संचातल्या फळ्या इतक्या पातळ, की छटा देताना वाकतात. वखारीत शिवण झाडाची फळी मागा: फिकट, कमी रेषांची, एकसारखी जळणारी. सागात तेल असतं, रंगही गडद, त्यामुळे छटा उठून दिसत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निघणारे पाइनचे पॅलेट (माल ठेवायच्या लाकडी चौकटी) स्वस्त पडतात, पण शिक्का बघून घ्या. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायू दिलेलं. दुसरं जाळायचंच नाही. तेल-रसायन सांडल्याचे डाग असतील तर ‘एचटी’सुद्धा नको. एमडीएफ (लाकडाचा भुसा गोंदाने दाबून केलेली फळी), जुनं पॉलिश केलेलं फर्निचर यांनाही पेन लावू नका, त्यांचा धूर विषारी असतो. एन-95 मास्क कण अडवतो, वायू नाही. टेबलफॅन धूर तुमच्यापासून दूर ओढेल असा ठेवा. वारा थेट टिपवर आला तर ती गार पडते.

पाइनमध्ये मऊ पट्टा पटकन जळतो, कडक पट्टा उशिरा, म्हणून आडवी कापत जाणारी रेघ तुटक दिसते. दारावरच्या पाटीत ही अडचण वेगळ्या रूपात येते. शिरोरेषा लाकडाच्या रेषांना समांतर पडते, टिप मऊ पट्ट्यात घसरते आणि शिरोरेषा नागमोडी होते. नावाची पाटी करायची असेल तर पाइन टाळाच. अक्षरं आधी जाळा, शिरोरेषा शेवटी, कमी उष्णतेवर दोन-तीनदा फिरवून. छटेच्या सरावाला द्राक्षाचा घड उत्तम: प्रत्येक मण्याची एक बाजू गडद, एक कोरी. पेन सपाट धरून छोटी वर्तुळं काढत जायचं.

फळीला 120, 180, 220 नंबरचा असा क्रमाने पॉलिशपेपर, रेषांच्या दिशेने. मग ओलं फडकं फिरवून, वाळवून, पुन्हा 220. नाशिकच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत फळी आधी आठवडाभर घरात ठेवा. ओलसर लाकूड उष्णता खातं. चित्र उतरवायला निळा कार्बन पेपर नको, त्याचं मेण खोडरबराने निघत नाही. कागदाच्या मागे 4बी पेन्सिल घासा. स्टेन्सिलही पेन्सिलपुरतेच, गरम टिप लागली की वितळतात. शेवटी चपडा (लाखेच्या) पॉलिशचे दोन पातळ हात. पश्चिमेचं ऊन लागणाऱ्या दारावर हलक्या छटा उडतात, तिथे ठळक रेघांचंच काम करा.

संचातलं स्टँड वायरच्या ओढीने उलटतं, ते जाड फळीला स्क्रूने बसवा. आणि परत करायची मुदत असेपर्यंत पेन वीस मिनिटं 400 वर सलग चालवून बघा: मूठ धरवेनाशी झाली किंवा चकती फिरवूनही रेघेचा रंग बदलला नाही, तर परत पाठवा.