बास्केटबॉलमध्ये कावामुरा की तोमिनागा, कोणाचा गेम बघून शिकायचं?

दोघंही २००१ चे, दोघंही जपानचे, पण रस्ते पार वेगळे. तोमिनागाला एनबीएच्या (अमेरिकेतली मोठी लीग) स्टीफन करीवरून 'जपानी करी' म्हणतात, ती जाहिरातबाजी सोडा.

उंची: युकी कावामुरा जेमतेम १७२ सेंमी, केइसेई तोमिनागा १८८ आणि त्याचे वडीलही उंचापुरे, जपानकडून खेळलेले.

वाट: तोमिनागा टेक्सासच्या रेंजर कॉलेजातून नेब्रास्का युनिव्हर्सिटीला गेला, कावामुराने मात्र युनिव्हर्सिटी अर्धवट सोडून योकोहामाच्या टीमकडून बी-लीग (जपानची प्रो लीग) गाजवली, २०२३ ला तिथला एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) झाला, मग एनबीएची मेम्फिस टीम. पॅरिस ऑलिंपिकला फ्रान्सविरुद्ध २९ पॉइंट्स मारले त्याने, मॅच ओव्हरटाइममध्ये (बरोबरीनंतरचा जादा वेळ) गेली, जपान हरलं पण काय खेळला यार!

शूटिंग: इथे तोमिनागाच, लांबून बिनधास्त थ्री (तीन पॉइंट्सचा शॉट) मारतो.

उंची कमी आणि बॉल हातात ठेवून टीम चालवायची असेल तर कावामुरा बघ, बॉलशिवाय पळून मोकळा शॉट काढायचा असेल तर तोमिनागा.