एक मोठी बॅटरी की दोन छोट्या?

कच्च्या वाटांवर, डोंगरात चालवायची इलेक्ट्रिक डर्ट बाइक घ्यायचं मनात पक्कं झालं की गाडं रेंजपाशी, म्हणजे एका चार्जमध्ये किती लांब जाता येतं यापाशी, येऊन अडतं. तिथे सरळ दोन वाटा आहेत. एक, स्टार्क वार्गसारखी सहा-सात किलोवॉट-तासांची एकच दणकट बॅटरी असलेली गाडी घ्यायची. दुसरी, सर-रॉन लाइट बी किंवा तलारिया स्टिंगच्या वर्गातली हलकी गाडी घ्यायची आणि जोडीला एक जादा बॅटरी ठेवायची. दोन्ही पद्धतींच्या गाड्या माझ्या हाताखालून गेल्या आहेत. त्यातली एकच टिकली.

निव्वळ लांब जाण्याचं म्हणाल तर मोठी बॅटरी जिंकते. हलक्या गाडीच्या दोन बॅटऱ्यांची बेरीज केली तरी ती पाच किलोवॉट-तासांच्या पुढे सहसा जात नाही. त्यातून दुसरी बॅटरी गाडीवर नसतेच, ती तळावर, मोटारीच्या डिकीत पडून असते. दहा-अकरा किलोचं धूड सॅकमध्ये घालून दगडधोंड्यांतून जाण्याचा विचार कुणी करत असेल तर सोडून द्यावा. पाठ धरते हे झालंच, पण त्या बॅटरीवर उताणं पडलात तर काय, हाही प्रश्न आहेच. म्हणजे हलक्या गाडीवर तुम्ही दिवसभर फिरू शकता, पण तळाभोवती घिरट्या घालत. एकाच दमात डोंगराच्या पलीकडे उतरून दुसऱ्या बाजूने परतायचं असेल तर ते काम मोठ्या बॅटरीचं.

खर्च कुठे होतो याबद्दल मात्र बऱ्याच जणांचा अंदाज चुकतो. सगळे चढाला घाबरतात. गाडी आणि स्वार मिळून १४० किलो धरा. शंभर मीटर उंची चढायला लागणारी निव्वळ ऊर्जा ३८ वॉट-तासांच्या आसपास येते. २.४ किलोवॉट-तासांच्या बॅटरीत हे दोन टक्केही नाहीत. मोटर, चेन आणि टायरमध्ये वाया जाणारं धरून दुप्पट केलं तरी तीन-चार टक्के. बॅटरी खरी खाते ती भुसभुशीत वाळू, चिखलात जागच्या जागी फिरणारं मागचं चाक आणि सपाट दिसलं की पिळलेला थ्रॉटल. उतारावर रीजन, म्हणजे वेग कमी करताना मोटरने उलट वीज बनवणं, थोडंफार परत देतं, पण ते हिशोबात धरू नये असं माझं मत. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ते घ्यायला आत जागाच नसते. हे सगळं दोन्ही गाड्यांना सारखंच लागू आहे, म्हणून त्यावर निवड करण्यात अर्थ नाही.

डिस्प्लेवर बॅटरी किती उरली ते दाखवणाऱ्या टक्केवारीच्या आकड्याचंही तसंच. थ्रॉटल पिळला की व्होल्टेज दबतं आणि आकडा घसरतो. दोन मिनिटं थांबलात की थोडा वर येतो. हलक्या गाड्यांमध्ये हा खेळ जास्त चालतो, मोठ्या गाड्यांचे आकडे त्या मानाने भरवशाचे वाटले. शेवटच्या १५-२० टक्क्यांत ताकद कमी होणं दोन्हीकडे आहे, आणि नेमका तेव्हाच परतीचा चढ समोर असतो.

माझा कौल ज्या गोष्टीने फिरवला तिचा ट्रेलशी काही संबंध नव्हता. ती गोष्ट म्हणजे प्लग.

मोठ्या बॅटरीच्या गाडीत बॅटरी चौकटीत बसवलेली असते. बोल्ट खोलून ती निघते, पण ते काम रोज संध्याकाळी करण्यातलं नाही. म्हणजे गाडी प्लगपाशी न्यायची, नाहीतर प्लग गाडीपाशी आणायचा. माझी गाडी खाली, राहायचं वर. खालच्या पार्किंगमध्ये एक प्लग होता, पण त्याचा ब्रेकर लहरी. रात्री चार्जर लावायचा, दिवा लागलेला बघायचा, दोन वेळा खात्री करून वर जायचं आणि सकाळी उतरल्यावर ब्रेकर पडलेला. डिस्प्लेवर साठ-पासष्ट टक्के. मंडळी निघायच्या तयारीत, आणि मी ट्रेलवर पाऊल टाकण्याआधीच परतीचा हिशोब मांडतोय. असं वारंवार झाल्यावर झोपताना खाली जाऊन एकदा बघून येण्याची सवय लागली. रेंजची धास्ती जंगलात सुरू होते असं आपण समजतो. माझी आदल्या रात्री जिन्यातच सुरू व्हायची.

बॅटरी वर नेता येत असली की हे बदलतं. झाकणाची किल्ली फिरवायची, आतला ब्रेकर खाली करायचा, जाड कनेक्टर ओढून सोडवायचा आणि पट्टा धरून बॅटरी सरळ वर उचलायची. झाकणाच्या कडेला वाळलेला चिखल असतो तो हमखास आत सांडतो, म्हणून आधी एक फडकं फिरवायचं. बस. बॅटरी डोळ्यांसमोर असते आणि चार्जर थांबला तर लगेच कळतं. संध्याकाळी ऐंशीपर्यंत आणि उरलेलं सकाळी निघायच्या आधी, असं करता येतं. लिथियम बॅटरी रात्रभर शंभरावर ताटकळत ठेवलेली तिला मानवत नाही, त्यामुळे हे तिच्याही सोयीचं.

थंडीत हा फरक आणखी वाढतो. गार पडलेली बॅटरी कमी देते, आणि शून्याखाली तर तिला चार्ज करूच नये. खाली उघड्यावर रात्र काढलेली गाडी पहिल्या अर्ध्या तासात मरगळलेली वाटायची. घरात ठेवलेली बॅटरी सकाळी नेऊन बसवली की तसं होत नाही. मी काही मोजमाप केलेलं नाही, पण हिवाळ्यातल्या फेऱ्या माझ्या नजरेत भरण्याइतक्या लांबल्या.

याची दुसरी बाजूही आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. दोन-अडीच किलोवॉट-तासांची बॅटरी घरात चार्ज करणं हे मोबाइल चार्ज करण्यासारखं नाही. दाराच्या वाटेत ती ठेवायची नाही, आजूबाजूला पडदे-गाद्या नकोत, चार्जर गाडीसोबत आलेलाच वापरायचा आणि झोपलेले असताना चार्जिंग बंद. पडलेली, आपटलेली बॅटरी तपासून घेतल्याशिवाय घरात आणू नये. हे पाळणं जमणार नसेल तर मोठी गाडी आणि खालचा प्लग बरा. जादा बॅटरी स्वस्तही नसते, शिवाय न वापरता पडून राहिली तरी म्हातारी होते.

जनरेटरवर चार्ज करण्याचा सल्लाही कानावर येईल. ऐंशीपर्यंत गाडी बरी भरते, मग करंट उतरत जातो आणि शेवटचे टक्के जीव खातात. तोवर इंजिनाचा भर्रऽ आवाज ऐकत बसायचं. त्यापेक्षा झाकण उघडून बॅटरी बदलणं दोन मिनिटांचं काम.

आणि समजा, सगळं करूनही गाडी वाटेत बसलीच. लाइट बी ५७ किलोच्या आसपास भरते. ढकलत आणताना घाम निघतो, पण येते. मोठी गाडी शंभरच्या चांगलीच वर. दोघांनी मिळून ती चढावर ढकलण्याचा अनुभव मी घेतला आहे, पुन्हा नको.

तुमच्या गाडीशेजारी हक्काचा, खात्रीचा प्लग असेल, मोटोक्रॉसच्या उड्या हव्या असतील किंवा लांबच्या फेऱ्या हाच छंद असेल, तर मोठी बॅटरी घ्या. हलकी गाडी तिथे अपुरीच पडेल. मधली वाट म्हणून केटीएमची फ्रीराइड ई पाहण्यासारखी आहे. २०१८ च्या मॉडेलात तिची बॅटरी ३.९ किलोवॉट-तासांची झाली आणि ती काही बोल्ट काढून बदलता येते, फक्त उचलायला बरीच जड. बाकी बहुतेकांना, विशेषतः गाडी खाली आणि बिऱ्हाड वर अशी गत असणाऱ्यांना, मी दोन छोट्यांकडेच वळायला सांगेन.

मात्र दुसरी बॅटरी गाडी घेतानाच घ्या, पुढे बघू म्हणू नका. या धंद्यात इलेक्ट्रिक मोटारसायकली बनवणाऱ्या कंपन्या उठून जातात: आल्टा मोटर्स २०१८ मध्ये बंद पडली, केकने २०२४ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. नंतर शोधलेली बॅटरी कनेक्टरला बसेलच असं नाही. आणल्यावर दोघींवर रंगाने १ आणि २ लिहा, सुरुवात आलटून पालटून करा, आणि महिनाभर गाडी काढणार नसाल तर दोन्ही निम्म्यावर आणून ठेवा.