तळाचं झाकण २०१७चं, आतला मॅक २०१२चा

सोलापुरात जुने मॅकबुक 'लायनक्स टाकून', म्हणजे ॲपलच्या मॅकओएसऐवजी ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम घालून, विकणारं एक दुकान आहे. नाव देत नाही. प्रकार नीट कळला की असं दुकान कुठल्याही गल्लीत ओळखता येईल. आमच्याकडून परत घेतलेलं यंत्र तिथे पुन्हा 'मॅकबुक एअर २०१७' म्हणून मांडलंय, असं भाचीच्या मैत्रिणीने परवा सांगितलं. कॉलेजं सुरू व्हायचे दिवस आहेत, त्यामुळे सगळं सविस्तर लिहून ठेवतो.

भाचीला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला हलका लॅपटॉप हवा होता. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज १०, त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि ११ त्यावर चालत नाही. जुना इंटेलवाला मॅक घ्यायचा आणि त्यावर मिंट नावाचं लायनक्स चालवायचं, ही कल्पना तिचीच. कल्पना चांगलीच आहे, हे आजही म्हणतो. २०१७च्या एअरला ॲपल मॅकओएसच्या मॉन्टेरी आवृत्तीच्या पुढे नेत नाही, २०१२च्या एअरला त्याहून जुन्या कॅटालिनाच्या पुढे नाही. पण यंत्र धडधाकट असेल तर लायनक्सवर वर्षानुवर्षं चालतं. ॲल्युमिनियमची बॉडी, चांगला कीबोर्ड, वजन सव्वा-दीड किलोच्या आत. विद्यार्थ्याला आणखी काय पाहिजे?

दुकानदाराने किंमत सांगितली साडेतेवीस हजार. '२०१७चा एअर, आठ जीबी रॅम, काका, डोळे झाकून न्या.' मी काही डोळे झाकले नाहीत. लॅपटॉप उलटा करून तळाच्या झाकणावरची मुंगीच्या पावलांएवढी अक्षरं मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठी करून वाचली. मॉडेल ए१४६६, ईएमसी (ॲपलचा आणखी एक ओळख क्रमांक) ३१७८, खाली सिरियल नंबर. तो नंबर तिथल्या तिथे ॲपलच्या साइटवर टाकला. उत्तर आलं, १३ इंची मॅकबुक एअर, २०१७. भाचीने लॅपटॉप चालू केला. लायनक्सलाच मॅकचं रूप दिलेलं, खाली गोल कोपऱ्यांची पट्टी, वर डाव्या कोपऱ्यात सफरचंद. सफरचंदावर क्लिक केलं की मॅकमध्ये उघडते तशीच राखाडी खिडकी उघडली: मॅकबुक एअर, १३ इंची, २०१७, १.८ गिगाहर्ट्झ ड्युअल-कोर इंटेल कोअर आय५; मेमरी ८ जीबी. सिरियल नंबर झाकणावरचाच. यापुढे गिऱ्हाईक काय तपासणार?

साडेतेवीस हजारांवर 'ओएस लायसन्स व ॲक्टिव्हेशन' म्हणून दीड हजार लावले. लायनक्स मिंट फुकट असतं, हे भाचीने तोंडावर सांगितलं. त्यावर उत्तर आलं, 'मॅडम, फुकट ते घरी. मॅकवर चालणारं वेगळं येतं की.' वेगळं काही येत नाही. साइटवरून तीच फाइल सगळ्यांनी उतरवायची आणि पेनड्राइव्हवर घालायची. बसवून दिल्याची मजुरी म्हणून मागितले असते तर हरकत नव्हती, लायसन्स म्हणणं ही लबाडी. पण तेवढ्यावरून सौदा मोडायला नको म्हणून आम्ही दिले.

पहिली खटक लागली ती वेगाची. ब्राउझरमध्ये पाच-सहा पानं उघडली की यंत्र धापा टाकायचं. भाचीने सिस्टिम मॉनिटर उघडून पाहिलं, तर मेमरी चारच्याही खाली आणि शेजारी स्वॅप चार जीबी. दुकानात फोन लावला. 'चार आणि चार, आठच की.' स्वॅप म्हणजे डिस्कवरचीच जागा, रॅम कमी पडली की आधाराला घेतलेली. ती रॅममध्ये धरायची तर गोठ्यातल्या गाईबरोबर भिंतीवरच्या चित्रातली गायही दुधाच्या हिशेबात धरावी लागेल. आणि या एअरची रॅम बोर्डालाच डाखलेली असते. नंतर वाढवून घेऊ, हा मार्गच नाही.

मग तिने ठरवलं, सगळं पुसून मिंट स्वतःच्या हाताने नव्याने टाकायचं. मॅकवर त्यासाठी पेनड्राइव्ह लावून, चालू करताना ऑप्शनची कळ दाबून धरायची. कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं ते यंत्र विचारतं. इथे विचारलं नाही. पडद्याच्या मध्यभागी एक कुलूप आणि खाली पासवर्डची रिकामी चौकट. हा फर्मवेअर पासवर्ड, म्हणजे डिस्कवर नाही, थेट बोर्डातच घातलेला. तो असला तरी लॅपटॉप रोजच्यासारखा चालू होतो, त्यामुळे दुकानात दहा मिनिटं पाहून कुणाला पत्ता लागत नाही. दुसऱ्या डिस्कवरून सुरू करायला गेलात की तो आडवा येतो. २०१०पर्यंतच्या मॅकवर रॅमची पट्टी बदलून तो घालवता यायचा, त्यानंतरच्या यंत्रांवर तो उपाय चालत नाही. ॲपल काढून देतं, पण मूळ खरेदीचं बिल दाखवावं लागतं, आणि सेकंडहँडवाल्याकडे ते कुठून असणार?

दुकानदार म्हणाला, कंपनीचं लॉक आहे, पुण्याला पाठवावं लागेल, अडीच हजार. भाची तिथेच उभी राहिली आणि म्हणाली, पाठवायच्या आधी मालकाला एकदा विचारा तरी. मालक आतून आला, आमच्याकडे पाठ करून पासवर्ड टाइप केला आणि कुलूप गेलं. पुणं बरंच जवळ निघालं! कुलूप त्यांचंच, किल्लीही त्यांचीच. गिऱ्हाइकाने काहीही करायचं म्हटलं की परत त्यांच्याच दारात यावं, एवढ्यासाठी ते घातलेलं. अडीच हजार आम्ही दिले नाहीत. पण तिथून पुढे मला कशावरच विश्वास ठेवावासा वाटेना.

डिस्कही अपुरी पडत होती, १२८ जीबी, म्हणून मिंट आता नव्या डिस्कवरच टाकायचं ठरलं. २०१३ ते २०१७च्या एअरमध्ये एक छोटा ॲडॉप्टर लावून बाजारात मिळणारी साधी एनव्हीएमई प्रकारची एसएसडी डिस्क बसते, म्हणून भाचीने दोन्ही मागवून ठेवले होते. कन्ना चौकाजवळ ओळखीचा एक मुलगा आहे, कारखान्यातल्या कापड विणायच्या जकार्ड मशिनच्या कंट्रोलरपासून मोबाइलपर्यंत सगळं दुरुस्त करतो. त्याने तळाचे पाच पाकळ्यांचे दहा स्क्रू काढायला घेतले आणि पहिल्याच स्क्रूला म्हणाला, 'अण्णा, हे पाचसहा डाव उघडलंय कुणीतरी.' स्क्रूंची डोकी झिजून गोल झाली होती. झाकण निघालं. ॲडॉप्टर खाचेत जाईचना. खाचेची विभागणीच वेगळी. त्याने वर पाहिलं. 'हा बाराचा बोर्ड हाय. सतराचा न्हाय.'

झाकण परत लावून त्याने मिंटच्या मेन्यूतलं 'सिस्टिम रिपोर्ट्स' उघडलं. मशिनच्या ओळीत लिहिलं होतं: मॅकबुकएअर५,२. हा २०१२च्या मध्याचा १३ इंची एअर. २०१७च्या एअरवर तिथे ७,२ असतं. प्रोसेसर आय५-३४२७यू, २०१७ला असतो आय५-५३५०यू. गंमत अशी, की दोन्ही १.८ गिगाहर्ट्झचे. म्हणजे 'एक पॉइंट आठ, आय५' असं जाहिरातीत लिहिलं तर ते खोटंही ठरत नाही. ए१४६६ हा नंबरही २०१२पासून २०१७पर्यंतच्या सगळ्या १३ इंची एअरवर तोच. या दोन गोष्टींच्या आडोशाला पाच वर्षं बिनबोभाट लपतात. बॅटरीतही फरक आहे: २०१२च्या एअरला ॲपलनेच सात तास सांगितले होते, २०१३पासूनच्यांना बारा.

शेवटी सिरियल नंबर. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'सुडो' (ॲडमिनचा अधिकार देणारा शब्द) लावून 'डीएमआयडीकोड' ही आज्ञा चालवली की बोर्डात लिहिलेला नंबर दिसतो. तो झाकणावरच्या नंबराशी जुळत नव्हता. झाकण एका मेलेल्या २०१७च्या एअरचं, आतलं सगळं २०१२चं. ॲपलच्या साइटने आम्हाला खरंच सांगितलं होतं, फक्त पत्र्याबद्दल.

मग ती सफरचंदाची खिडकी? भाचीने त्यातला सिरियल नंबर कॉपी करायला माउस फिरवला, तर अक्षरं निवडलीच जाईनात. माउसचं चाक फिरवलं आणि खिडकीतला मजकूर मोठा होऊ लागला, कडा फाटत, चौकोन चौकोन दिसत. तो फोटो होता. दुसऱ्या कुठल्या तरी मॅकवर घेतलेला स्क्रीनशॉट, वर हा सिरियल नंबर चिकटवलेला, आणि सफरचंदाच्या बटनावर तो फोटो उघडायची आज्ञा. मॅकचं रूप देण्यात वाईट काही नाही, हौशी मंडळी करतातच. इथे ते रूप खरी माहिती कुणी शोधू नये म्हणून दिलं होतं. आणि खरी माहिती त्याच लायनक्समध्ये दोन क्लिकवर उघडी पडली होती, पासवर्डही न मागता.

त्यामुळे जुना मॅक घेणाऱ्याने पैसे द्यायच्या आधी दुकानातच मेन्यूतलं सिस्टिम रिपोर्ट्स उघडावं, मशिन आणि प्रोसेसरची ओळ वाचावी. आतला सिरियल नंबर झाकणाशी ताडून बघावा. ऑप्शनची कळ दाबून एकदा चालू करावं. कुलूप दिसलं तर उठावं. स्वतःच्या पेनड्राइव्हवर मिंट नेलं तर सर्वात उत्तम, कारण त्यावर दुकानदाराची रंगरंगोटी नसते. २०१८ आणि त्यानंतरचे टी२ या ॲपलच्या सुरक्षा चिपवाले इंटेल मॅक कुणी देत असेल तर वेगळी काळजी: त्यांच्यावर बाहेरून सुरू करायची परवानगी आधी मॅकओएसच्या रिकव्हरीतून द्यावी लागते, आणि साध्या लायनक्सवर कीबोर्डसुद्धा चालत नाही, वेगळा कर्नल, म्हणजे लायनक्सचा गाभा, लागतो. ज्याला हे माहीत नाही त्याच्याकडून ते यंत्र घेऊ नये.

आणि बिल. आमच्या बिलावर लिहिलं होतं 'ॲपल लॅपटॉप, १ नग, जुना, गॅरंटी नाही'. वर्ष नाही, मॉडेल नाही, नंबर नाही. आमच्या बाजूने उभं राहिलं ते व्हॉट्सॲपवरचं संभाषण. त्यात '२०१७, ८ जीबी' दुकानदाराच्याच हातचं होतं. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूचं मॉडेल खोटं सांगणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तिचा नंबर, चॅटचे प्रिंट आणि दोन्ही सिरियल नंबरांचे फोटो घेऊन दुकानात गेलो. आरडाओरड केली नाही. कागद काउंटरवर ठेवले.

मालक म्हणाला, मलाही पुण्याच्या माणसाने असंच दिलं. असेलही. पण सफरचंदावर फोटो पुण्याच्या माणसाने लावला असेल तर झाकणावरचा नंबर त्यात जुळवून कुणी टाकला, याला उत्तर नव्हतं. अर्ध्या तासाने साडेतेवीस हजार यूपीआयने परत आले. दीड हजार दिले नाहीत. सॉफ्टवेअरचं लायसन्स एकदा ॲक्टिव्हेट झालं की रिफंड होत नाही म्हणे.