फिझबन्स ट्रेझरी ऑफ ड्रॅगन्स: ड्रॅगनांची उत्पत्तिकथा टेबलावर कशी उतरते

डी अँड डी म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीसाठी ड्रॅगनांवरचं एकच पुस्तक घ्यायचं असेल तर विझर्ड्स ऑफ द कोस्टचं हे २०२१ सालचं, २२४ पानी पुस्तक घ्यावं. यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे ड्रॅगनांची उत्पत्तिकथा, आणि नेमकी तीच पानं बरेच डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे) चाळून पुढे जातात.

सुरुवातीलाच ‘पहिल्या जगा’वरचं शोकगीत आहे. प्लॅटिनम ड्रॅगन बहामुत आणि पाच डोक्यांची टियामत मिळून पहिलं जग घडवतात. मग ते माणकासारखा लाल सार्डिअर निर्माण करतात आणि त्याच्या साथीने धातूंचे व रंगांचे ड्रॅगन जन्माला घालतात. पुढे इतर देव आपापली प्रजा घेऊन येतात, युद्ध पेटतं, टियामत कैद होते, सार्डिअरचा अंत होतो आणि पहिलं जग फुटतं. खेळातली सगळी जगं त्यातूनच निघाली, असा ड्रॅगनांचा दावा आहे.

जुन्या आवृत्त्यांत हे कर्तेपण आयो या आद्य ड्रॅगन-देवाकडे होतं. चौथ्या आवृत्तीत एरेक-हस हा देवांचा आदिम शत्रू आयोला कुऱ्हाडीने उभा चिरतो आणि त्या दोन अर्ध्यांतून बहामुत व टियामत उठतात. मूळ बॅबिलोनी पुराणात मार्दुक टियामतला चिरून तिच्या देहातून आकाश आणि पृथ्वी करतो, हे ठाऊक असेल तर त्या चिरण्याचं वजन कळतं. पण चौथ्या आवृत्तीतला आयो हा फक्त ड्रॅगनांचा जनक होता. नव्या कथेत सगळं जगच ड्रॅगनांचं ठरतं, त्यामुळे गाव जाळणाऱ्या ड्रॅगनकडे सोन्याच्या हावेपेक्षा मोठं कारण येतं: त्याच्या लेखी माणसं घुसखोर आहेत.

हे गीत पहिल्याच सेशनला (खेळाच्या बैठकीला) सलग वाचून दाखवू नका. नावं कानावर पडतात, पण खेळाडूंना त्यांच्याशी काही देणंघेणं नसतं आणि पुढच्या वेळेपर्यंत सगळं विसरलेलं असतं. त्याचे तीन तुकडे करा. निर्मितीचा भाग बहामुतच्या मंदिरात सापडू द्या, युद्धाचा भाग टियामतच्या भक्तांकडून येऊ द्या, म्हणजे दोष कुणाचा यावर दोन्ही बाजू भांडतील. जग फुटल्याचा भाग एखाद्या प्राचीन रत्न-ड्रॅगनच्या (रत्नांच्या नावांच्या ड्रॅगन-कुळातल्या एकाच्या) तोंडी ठेवा. आणि हेच सत्य असं डीएम म्हणून जाहीर करू नका. फरगॉटन रेल्म्स या खेळातल्या प्रसिद्ध जगात सेलूने आणि शार या देवींची वेगळी उत्पत्तिकथा आहे. सेलूनेचा क्लेरिक (पुजारी पात्र) खेळणाऱ्याची श्रद्धा तुमच्या एका वाक्याने खोटी पडते. पुस्तकानेही याला दंतकथाच ठेवलं आहे.

या कथेतूनच ‘प्रतिध्वनी’ची कल्पना येते: एकच ड्रॅगन निरनिराळ्या जगांत वेगवेगळ्या रूपांत जगत असतो, आणि ती रूपं स्वतःत विलीन करून घेणारा ‘ग्रेटवर्म’, म्हणजे सर्वांत बलाढ्य ड्रॅगन होतो. वर्षभर चालणाऱ्या कथानकाला (कॅम्पेनला) पुरेल असा खलनायक इथे आयता मिळतो.

त्याच्याशी लढाई मात्र जपून लावा. क्रोमॅटिक (रंगांच्या कुळातल्या) ग्रेटवर्मचा सीआर, म्हणजे आव्हानाची पातळी, २७ आणि हिट पॉइंट, म्हणजे जीवनशक्ती, ५३३. ते संपले की तो मरत नाही, पुन्हा ४२५ वर येतो आणि त्याचा श्वासही परत तयार होतो. म्हणजे एकूण ९५८. खेळाडू पहिल्या टप्प्यातच मोठे स्पेल स्लॉट (मंत्र वापरायची मोजकी संधी) उधळून बसतात आणि दुसऱ्या टप्प्यात फक्त मार खातात. म्हणून पुनरुत्थानाची खूण आधीच द्या: जखमेतून रक्ताऐवजी दुसऱ्या जगाचं आकाश दिसू दे. सतराव्या लेव्हलच्या आत ही लढाई नको. रिंगण छत असलेलं निवडा, नाहीतर तो उंचावरून श्वास सोडत राहतो आणि फायटर (जवळून लढणारा योद्धा) हातावर हात धरून बसतो.

विकत घेण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. ‘ड्रॅकोनोमिकॉन’ या प्रकरणात २० जातींच्या ड्रॅगनांचे स्वभाव, गुहांचे नकाशे आणि साहसांची बीजं आहेत, पण लाल, काळा, सोनेरी अशा नेहमीच्या ड्रॅगनांचे स्टॅट ब्लॉक (लढाईसाठी लागणारे आकड्यांचे तक्ते) इथे नाहीत. त्यासाठी मॉन्स्टर मॅन्युअल हे राक्षसांचं मूळ पुस्तक लागतंच. ॲमेथिस्ट, क्रिस्टल, एमराल्ड, सफायर आणि टोपाझ या पाच रत्न-ड्रॅगनांचे आहेत. १९८० मध्ये ड्रॅगन मासिकात आलेलं हे कुळ पाचव्या आवृत्तीत इतक्या तपशिलाने मिळालं, हा खरा आनंद.

ड्रॅगनबॉर्न या खेळाडूंना निवडता येणाऱ्या ड्रॅगनवंशी माणसांचे तीन नवे प्रकार चांगले आहेत. श्वास सोडण्यासाठी पूर्ण ॲक्शन (आपल्या पाळीतली मुख्य कृती) खर्च होत नाही, एका हल्ल्याच्या जागी तो सोडता येतो. पण २०२४च्या प्लेयर्स हँडबुक या खेळाडूंच्या नियमपुस्तकाने ही सुधारणा उचलली आहे, त्यामुळे नवे नियम खेळणाऱ्यांनी फक्त या भागासाठी पैसे घालू नयेत. ड्रॅगनच्या खजिन्यात मुरून चार टप्प्यांत जाग्या होणाऱ्या जादुई वस्तू मात्र जरूर वापरा. ड्रॅगन जितका वयोवृद्ध, तितकी वस्तू वरच्या टप्प्याला जाते, त्यामुळे पहिल्या लेव्हलला मिळालेली तलवार शेवटपर्यंत हातात राहते.

सगळ्यात जास्त खटकतं ते सार्डिअरचं. बहामुत आणि टियामत यांच्या अंशरूपांना सीआर ३० चे स्टॅट ब्लॉक मिळाले, आणि ज्याच्या साथीने ड्रॅगन जन्मले त्याला एकही नाही. त्याला परत आणायचा बेत असेल तर सीआर २६ चा जेम (रत्न-कुळातला) ग्रेटवर्म आधाराला घ्या आणि त्याला पाचही रत्नांचे श्वास द्या, दर फेरीला एक, क्रम खेळाडूंना ओळखता येईल असा ठेवून.